तू घरी बसून काय करून राहिला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांनी आपापल्या कामाविषयी मोकळेपणाने बोलावे, असा उपक्रम सोसायटीच्या तळमजल्यावरील खोलीत घेण्यात आला. त्यातील हे एक भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



माझ्या आधी जे बोलून गेले त्यांचं एक बरं होतं. डॉक्टरसाहेब उभे राहिले, सगळ्यांना कळलं. रेल्वेतले काकाजी उभे राहिले, सगळ्यांना कळलं. मी उभा राहिलो आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, “भाऊ, आता तरी सांग, तू घरी बसून काय करून राहिला?” हा प्रश्न मला नवा नाही. बारा वर्षांपासून लिफ्टमध्ये, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी हाच प्रश्न ऐकतो आहे. सकाळी दहाला सगळे पुरुष गाड्या काढून निघतात आणि हा माणूस बर्मुडा घालून गॅलरीत चहा पीत उभा. दुपारी तीनला दुधाची पिशवी आणायला खालीच. रात्री दोनला खोलीत दिवा. चौकीदार भाऊंनी तर माझ्या आईला एकदा हळूच विचारलं होतं, “बाई, दादाची तब्येत बरी राहते ना?”

तर आज तुमच्यासमोर खुलासा करतो. मी वेबसाईट बनवतो. कोणाच्या नोकरीत नाही, माझं काम मीच शोधतो, करतो आणि त्याचे पैसेही मीच मागतो. इंग्रजीत त्याला फ्रीलान्स म्हणतात. त्यातला ‘फ्री’ हा शब्द ऐकून आपल्या सोसायटीतल्या काही मंडळींचा थोडा गैरसमज झालेला आहे. प्रिंटर अडकला, टीव्हीचा डबा बंद पडला, मोबाईलमध्ये नातवाचे फोटो सापडत नाहीत, की माझ्या दाराची बेल वाजते. ते सगळं मी आनंदाने करतो. पण नोंद राहावी म्हणून सांगतो, प्रिंटर दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. त्याबद्दल मिळणारा चहा मात्र उत्तम असतो.

आता थोडं मागे जातो. 1999 साली 1 मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. त्यानंतर वर्षभराने आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. इथं तेव्हा चिखल होता, धानाच्या बांध्या होत्या, आणि पहिल्या पावसात बेडकांचा आवाज इतका असायचा की एकमेकांशी बोलता येत नसे. जुन्या सभासदांना आठवत असेल.

माझे बाबा राइस मिलमध्ये मुनीम होते. आपलं गाव धानाचं, त्यामुळे मिल म्हटली की सगळ्यांना चित्र डोळ्यांपुढे येतं. कोंड्याचा धुरळा, पोत्यांच्या थप्प्या, काट्यावर उभा ट्रक आणि कोपऱ्यात बैठकीवर बसलेला मुनीम. बाबांचं अक्षर छापल्यासारखं होतं. मी त्यांच्याकडून एकच गोष्ट शिकलो. वहीत आकडा चुकला तर ते खोडरबर वापरत नसत, पान फाडत नसत. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायचे, जुना आकडा वाचता आला पाहिजे अशी. शेजारी बरोबर आकडा, आणि बाजूला सही व तारीख. मी विचारलं, “बाबा, फाडून नवीन पान का नाही लिहीत?” ते म्हणाले, “चूक लपवली की वही खोटी होते. चूक दिसली तर वही खरी राहते.” हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत. आपल्याकडे ते पोहोचायला आणखी काही वर्षं गेली. मी पहिल्यांदा संगणकाला हात लावला तो सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून. तास संपत आला की मालक मागे येऊन उभा राहायचा. एका पानावर उजवं बटण दाबलं आणि त्या पानामागचा मजकूर उघडला. कंसात कंस, आणि त्यात साधे इंग्रजी शब्द. मला वाटलं, घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. त्या दिवसापासून मी कामाला लागलो म्हणा, किंवा कामातून गेलो म्हणा!

इथंच बी.एस्सी. केलं. मग आपल्या जिल्ह्यातली पोरं करतात तेच केलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि पुण्याला गेलो. एका कंपनीत पाच वर्षं काढली. काम शिकलो, पगार बरा होता, खोटं कशाला बोलू. 2013 मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी एकुलता एक. महिनाभराची रजा घेऊन आलो तो परत गेलोच नाही. पहिली दोन वर्षं फार कठीण गेली. नातेवाईक म्हणायचे, “पुण्याची नोकरी सोडून पोरगा घरी येऊन बसला.” बसलो होतो हे खरं होतं. पण काम करत बसलो होतो.

आता काम म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. वेबसाईट म्हणजे दुकान समजा. दुकानाला गाळा लागतो. तो गाळा म्हणजे कुठेतरी चोवीस तास चालू असलेला संगणक, त्यावर आपण भाड्याने जागा घेतो. दुकानाला पाटी लागते. ती पाटी म्हणजे वेबसाईटचं नाव, त्याला डोमेन म्हणतात. लोकांना वाटतं नाव एकदा विकत घेतलं की आपलं झालं. तसं नाही. नावही भाडेपट्ट्यावरच असतं. वर्षाला, दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपली की काही दिवस सवलत मिळते, नंतर जास्त पैसे भरून सोडवावं लागतं, आणि तरीही लक्ष दिलं नाही तर ते नाव जगातला कोणीही घेऊ शकतो. 2014 पासून तर हे नाव देवनागरीतही घेता येतं, शेवटी ‘डॉट भारत’ लावून. गाळा आणि पाटी झाली की दुकानाची मांडणी, कपाटं, गल्ला, हिशेब. ते सगळं बांधणं म्हणजे माझं काम.

आणि आता माझी एक चूक सांगतो, कारण फक्त यश सांगितलं तर ही वही खोटी होईल. सुरुवातीच्या काळात एका धान व्यापाऱ्यांची वेबसाईट मी केली. सोय म्हणून डोमेन माझ्याच नावावर, माझ्याच ईमेलवर घेतलं. पुढे बाबांना नागपूरला दवाखान्यात भरती केलं होतं. त्या धावपळीत मुदतीची सूचना आली, ती मी पाहिली नाही. नाव बंद पडलं. त्या नावावरच त्यांची सगळी ईमेल यायची. ऐन हंगामात अकरा दिवस त्यांच्याकडे एकही ऑर्डरची मेल पोहोचली नाही. ते दवाखान्यात मला भेटायला आले. मला वाटलं भांडायला आले. त्यांनी बाबांची चौकशी केली, बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, “तुझ्या बापानं मिलची किल्ली एक दिवस कधी घरी नेली नाही. रोज संध्याकाळी मालकाच्या हातात द्यायचा. तू माझी किल्ली खिशात ठेवून फिरत होता.”

मी दंडासकट पैसे भरून नाव सोडवलं, आणि तेव्हापासून नियम केला. नाव ग्राहकाच्या नावावर, पासवर्ड ग्राहकाच्या कपाटात, आणि मुदतीची तारीख माझ्या भिंतीवर आणि त्यांच्याही भिंतीवर. तुमच्यापैकी ज्यांची दुकानं, शाळा, दवाखाने आहेत त्यांना कळकळीने सांगतो. वेबसाईट कोणाकडूनही करून घ्या, पण घरी जाऊन एवढं तपासा की ते नाव कोणाच्या नावावर आहे. मी करून दिलेलं असेल तरी तपासा.

आता वहीचा विषय पूर्ण करतो. आम्हा लोकांकडे ‘गिट’ नावाचं एक साधन आहे. लिनक्स ज्यांनी सुरू केलं त्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 साली बनवलं. त्यात होतं काय, की प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल नोंदवला जातो. कोणी केला, कोणत्या तारखेला, कोणती ओळ काढली, कोणती घातली, आणि का. जुनं काही पुसलं जात नाही, मागे जाऊन पाहता येतं. बाबांच्या शेवटच्या वर्षात त्यांना उजव्या हाताने लिहिता येत नव्हतं. खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत राहायचे. एके दिवशी त्यांनीही विचारलंच, “दिवसभर काय करते तू यावर?” मी त्यांना ती यादी दाखवली. चष्मा लावून ते बराच वेळ वाचत होते. तारीख, नाव, काय बदललं. मग म्हणाले, “म्हणजे रोजकीर्द आहे ही.” मी म्हटलं, “हो बाबा, रोजकीर्दच आहे.” त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. घरी कोणी आलं आणि पोरगा काय करते म्हणून विचारलं, तर म्हणायचे, “मुनीमकी करते.” माझ्या कामाची याहून बरी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. ही स्मरणिका निघते आहे, म्हणून तर मुद्दाम सांगतो. समितीने मला जुना मजकूर दिला तेव्हा दहाव्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेची फाईल सीडीवर होती. उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. काकाजी घाबरले, म्हणाले, “व्हायरस लागला काय?” व्हायरस नव्हता. जुने मराठी फॉन्ट अशी युक्ती करत. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतो आहोत, फक्त त्या अक्षराला कपडे ‘क’चे घातलेले. तो फॉन्ट असेल तोवर ‘क’ दिसतो. फॉन्ट गेला की कपडे उतरले आणि आतला इंग्रज उघडा पडला. युनिकोडमध्ये तसं नाही. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्यातच देवनागरी आहे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. ‘क’चा क्रमांक 2325. तो जपानमध्येही 2325 आणि आमगावातही 2325. फॉन्ट कोणताही लावा, अक्षर ‘क’च राहतं. ‘ॲप’मधला आपला ‘ॲ’ मात्र उशिरा पंगतीला बसला, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला 2008 साल उजाडलं.

म्हणून माझं म्हणणं असतं, मुलांना मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिकवा. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. पंधरा दिवस बोटं अडखळतात, मग हार्मोनियमसारखी चालतात. आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेचं हस्तलिखित इतिवृत्त तुम्ही स्मरणिकेत वाचाल. ते युनिकोडमध्ये उतरवलं आहे माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी. त्यांचा विषय पुढे येतोच आहे.

पैशांबद्दलही बोलायला हवं. मराठी माणूस कामाबद्दल तासभर बोलतो आणि मोबदल्याची वेळ आली की पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतो. मीही उकरत होतो. “तुमच्या मनाने द्या” असं म्हणायचो. लोकांनी मनानेच दिलं, आणि मनं कशी असतात ते कळलं. आता माझी पद्धत ठरलेली आहे. काय करणार आणि काय करणार नाही, हे आधी एका कागदावर मराठीत लिहायचं. तिसरा हिस्सा आगाऊ घ्यायचा. मधे आणखी एक काम निघालं तर नकार द्यायचा नाही, पण कागदावर नवी ओळ वाढवायची. आणि मित्र असला तरी पावती. या पद्धतीने काही ग्राहक गेले, मैत्री मात्र एकही तुटली नाही. एखाद्या महिन्यात तीन कामं येतात, आणि मग दोन महिने फोनच वाजत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला असतो. आपल्या पोरांना हे काम आकर्षक वाटतं, कारण साहेब नसतो. त्यांना मी सांगतो, साहेब नसतो म्हणजे पगारी सुट्टीही नसते.

आता छंद. तुम्ही म्हणाल, एवढ्यात छंद कुठले? पण रोज दहा तास पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाला छंद नसला तर तो डोळ्यांनी आणि डोक्याने दोन्हीकडून जातो. माझा पहिला छंद सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, हे आपल्याला ठाऊक असतं आणि आपण तो पाहिलेला नसतो! पहाटे परसवाडा तलावाकडे जा. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागेल इतका उंच, मान लाल. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हाच. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटं करतो. म्हणजे तो वाचतो की नाही हे शेवटी शेतकऱ्याच्या हातात आहे. बांधीच्या मधोमध घरटं दिसलं की तेवढी जागा सोडून रोवणी करणारे शेतकरी मी पाहिलेत. उन्हाळ्याच्या शेवटी होणाऱ्या गणनेत मी दुर्बीण घेऊन जातो. वेबसाईट बनवणाऱ्याला तिथे काय मिळतं? संयम. दोन तास काहीच घडत नाही, आणि मग जोडी एका सुरात ओरडते तेव्हा सगळा तलाव जागा होतो.

दुसरा छंद मंडईचा. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, दंडार असते, रात्रभराचं नाटक असतं. माझ्या आजोळच्या गावच्या मंडळाचं पोस्टर मी करतो. त्याचे पैसे घेत नाही, त्याऐवजी पुढच्या रांगेतली जागा आणि पहाटेचा चहा घेतो. पोस्टर करताना मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. नाटकाचं नाव, गाव, तारीख, आणि नट कोण. सायकलवरून जाणाऱ्या माणसाला एवढं वाचता आलं पाहिजे. वेबसाईटलाही हाच नियम. लोक तिथेही सायकलवरूनच जात असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इथे थोडी चुळबुळ होईल, ती होऊ द्या.

मी शिकवतो. सुरुवात अशी झाली की वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांना सुट्टीत काही दाखवलं. दोनाची पाच झाली, पाचाची अकरा. पहिल्या दिवशी मी संगणक सुरूच करत नाही. कागद देतो आणि सांगतो, ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला भात कसा करायचा ते पायरी पायरीने लिहा. मुलं लिहितात, तांदूळ धुवा, पाणी टाका, शिजवा. मी ते वाचून तसंच वागून दाखवतो. पातेलं कोणी घ्यायला सांगितलं नाही, म्हणून तांदूळ फरशीवर! गॅस पेटवायला सांगितलं नाही, म्हणून भात कच्चा! किती शिजवायचा सांगितलं नाही, म्हणून जळून कोळसा! मुलं हसून हसून लोळतात, आणि मग स्वतःहून पुन्हा लिहायला बसतात. प्रोग्रामिंग म्हणजे हेच. धानाच्या जिल्ह्यातल्या मुलांना ते भातातून समजतं.

ज्येष्ठ नागरिकांसाठीही मी दर पंधरवड्याला एक तास घेतो. त्यात दोनच गोष्टी घोकून घेतो. एक, पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. दोन, कोणी फोनवर पोलीस किंवा न्यायाधीश बनून ‘डिजिटल अरेस्ट’ केली म्हणाला तर फोन ठेवून द्या, कायद्यात अशी अटक नाही. आणि फसलोच तर लाजून बसू नका, लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाला सगळं असतं. आपल्याच एका आजींना गेल्या वर्षी असा फोन आला. वर्दीतला माणूस व्हिडिओवर दिसत होता. आजी म्हणाल्या, “थांब बेटा, माझ्या मास्तरला विचारते,” आणि फोन ठेवून माझं दार वाजवलं. इतकी मोठी गुरुदक्षिणा मला कोणी दिली नव्हती.

पण दोन वर्षांपूर्वी माझ्याविरुद्ध समितीकडे लेखी तक्रार आली, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो, लिफ्ट अडते, दुपारी आवाज होतो, आणि शेवटची ओळ, ‘बाहेरची मुले येतात’. मला राग आला होता. आठ दिवस मी तक्रार करणाऱ्या काकांशी बोललो नाही. मग उपविधी काढून वाचले. सदनिका राहण्यासाठी दिलेली आहे, वापर बदलायचा तर लेखी परवानगी लागते. मी परवानगी मागितली नव्हती. काहींकडून फी घेत होतो हेही खरं. म्हणजे पहिल्या तीन मुद्द्यांत काका बरोबर होते आणि मी चूक. मी रेघ मारली, सही केली आणि वर्ग बंद केला. आज सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागतो. काका, तुमची दुपारची झोप मी मोडली.

चौथ्या मुद्द्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे. ‘बाहेरची मुले’ म्हणजे कोण होती? त्या अकरांत सात आपल्या सोसायटीतली. उरलेल्या चारांत एक आपल्या चौकीदार भाऊंची मुलगी, एक आपल्या चार घरी भांडी घासणाऱ्या ताईंची, आणि दोघं इस्त्रीवाल्या भाऊंची. त्यांचे आईवडील रोज सकाळी सहाला आपल्या आत असतात. आपल्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. पोरं तेवढी बाहेरची!

वर्ग बंद झाल्यावर आपली सात मुलं दुसरीकडे क्लासला लागली. ती चार कुठेच लागली नाहीत. वर्षभराने चौकीदार भाऊंची मुलगी मला गेटवर भेटली. तिने वहीत टायपिंगचा कळफलक पेनाने काढला होता आणि त्यावर बोटं ठेवून सराव करत होती. तिच्याकडे संगणक नाही. कागदावरच. मी घरी आलो आणि त्या दिवशी काम केलं नाही.

पहिल्या सभेचं इतिवृत्त टाईप करणाऱ्या दोन मुलींपैकी एक ती. दुसरी ताईंची मुलगी. माझा जुना लॅपटॉप दिला, बारा दिवसांत त्यांनी अठ्ठेचाळीस पानं उतरवली. समितीने पानाला वीस रुपये दिले, कारण मी आधी कागदावर तसं लिहून घेतलं होतं. एका जागी मूळ इतिवृत्तात वर्गणीची बेरीज चुकलेली होती. त्यांनी ती दुरुस्त केली नाही. जशीच्या तशी ठेवली आणि खाली टीप दिली. मी असं करायला सांगितलं नव्हतं. वर्गात एकदा बाबांच्या वहीची गोष्ट सांगितली होती, एवढंच.

हल्ली मुलं मला विचारतात, “काका, आता तर एआयच प्रोग्राम लिहिते. मग आम्ही शिकून काय करू?” मी त्यांना खोटं सांगत नाही. चार पानांच्या साध्या वेबसाईटची कामं माझ्याकडे पूर्वी यायची तेवढी आता येत नाहीत. ते यंत्र मीही वापरतो. ते झरझर लिहितं, आणि चुकलं तरी त्याच आत्मविश्वासाने लिहितं. धान मोजणारे काटे आले तेव्हा मापाडी कमी झाले, पण काटा बरोबर आहे की नाही हे पाहणारा माणूस लागतच राहिला. यंत्राने लिहिलेलं तपासायचं तर स्वतःला लिहिता यावं लागतं. टीप देणारी मुलगी लागते. बेरीज गुपचूप जुळवून टाकणारी यंत्रं पुष्कळ मिळतील.

शेवटी एक विनंती करून थांबतो. आपण बसलो आहोत ती ही खोली वर्षातून किती दिवस वापरली जाते? गणपतीचे दिवस, सभा, एखादा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. बाकी वेळ तुटक्या खुर्च्या आणि जुने मीटर. माझी विनंती अशी की दर रविवारी सकाळी आठ ते दहा ही खोली वर्गासाठी मिळावी. फी नाही. विजेचा खर्च माझा. चपला आत, एका ओळीत. दहा वाजून पाच मिनिटांनी खोली झाडून किल्ली सचिव काकाजींच्या हातात. खिशात किल्ली ठेवण्याची चूक मी एकदाच केली आहे. सोसायटीतली मुलं आणि इथे काम करणाऱ्यांची मुलं, दोघांना प्रवेश सारखा. जुने पण चालू संगणक कोणाच्या माळ्यावर असतील तर द्यावेत, दुरुस्ती मी करीन. हो, प्रिंटरसुद्धा.

हे मी आज भाषणात मागतो आहे, पण मंजुरी भाषणात नको. रीतसर अर्ज दिला आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो विषयपत्रिकेवर घ्यावा. सूचक मी स्वतः होतो. अनुमोदक म्हणून ज्या काकांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली होती, त्यांनीच उभं राहावं अशी माझी इच्छा आहे. त्यांना मी अजून विचारलेलं नाही. आज घरी जाताना विचारणार आहे.

पंचवीस वर्षांत या इमारतीने मला चौदा वर्षांच्या पोराचा चाळिशीचा गृहस्थ केलं, बाबांची शेवटची वर्षं सांभाळली, आणि माझ्या खोलीतला रात्री दोनचा दिवा सहन केला. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.